गंज पेठेंतील फुल्यांचें घर : एका वास्तूची पाठचिकित्सा

आळंदी रस्त्यानें विश्रांतवाडीहून पुण्यास निघालें म्हणजे थोड्याच वेळांत फुलेनगर लागतें. आषाढी वारीस निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ह्याच वाटेनें पुण्याकडे येते. पुढें येरवडा, नदीवरील पूल, आणि मग शहराच्या जुन्या पेठा. ज्या पुरुषाचें नांव त्या वस्तीस दिलें आहे त्याचें राहतें घर गंज पेठेंत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेंत, उभें आहे; आणि येरवड्याच्या पुलाच्या कामाशींहि त्याच्या ठेकेदारीचा संबंध चरित्रग्रंथांतून सांगितला जातो. नांव असें वाटेवर ठिकठिकाणीं भेटतें. परंतु त्या घराची, घर म्हणून, पुराव्याच्या कसोटीवर घासून लिहिलेली हकीकत वाचावी अशी इच्छा धरून जो निघेल त्यास चरित्रांतील तुरळक वाक्यें, फलक आणि पुस्तिका यांवरच बहुधा समाधान मानावें लागतें. प्रस्तुत लेखांत नवा कागद प्रसिद्ध करावयाचा नाहीं. उपलब्ध साक्षींची छाननी करून त्या घराविषयीं काय निश्चयानें म्हणतां येतें, काय केवळ परंपरेनें चालत आलें आहे, आणि जतन करणारांनीं ह्या दोहोंतील भेद कसा राखावा, एवढेंच सांगावयाचें आहे.

पोथी आणि घर यांची जात एक आहे, असें म्हटल्यास प्रथम विचित्र वाटेल. परंतु संस्कृत पोथ्या हाताळण्याची ज्यास संवय आहे त्यास हें साम्य ओळखावयास वेळ लागत नाहीं. नकलणारा कधीं ओळ गाळतो, कधीं समासांतील टीप मूळांत घेतो, कधीं भक्तिभरानें एखादा श्लोक पदरचा घालतो; आणि पुढचा नकलणारा तें सर्व मूळ समजून उतरून घेतो. घराचेंहि असेंच होतें. भिंत पडते ती नव्या विटेनें उभी राहते, कौलें बदलतात, एक दार बुजवितात, दुसरें पाडतात, आणि शेवटीं घराचें स्मारक झालें म्हणजे चित्रें, फलक व पुतळे येतात. पाहणारा तें सर्व एकाच काळचें समजून परत जातो. महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पुरी केली. तिचें आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९३३ सालीं पुरें केलें होतें. त्या आवृत्तींत ज्या पाठाविषयीं संपादकाची पुरी खात्री नाहीं त्याच्या खालीं नागमोडी रेघ ओढलेली असते. एवढ्या प्रचंड उद्योगांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तु ती रेघ होय. संपादकानें पाठ दिला, पण आपली शंका वाचकापासून लपविली नाहीं. जतन केलेल्या घरासहि अशी रेघ हवी, आणि गंज पेठेंतील घरास ती मिळावी, हें ह्या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

आज दिसतें तें घर साधें आहे. कौलारू छप्पर, लांकडी खांब, भोंवतीं आवार, आवारांत विहीर आणि जोतीरावांची समाधि. त्यास 'फुले वाडा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ह्या शब्दापासूनच छाननीस आरंभ करावा. पुण्यांत वाडा कशास म्हणत, हें १७८० च्या सुमाराच्या नाना वाड्यावरून किंवा दुसऱ्या बाजीरावानें १८०८ मध्यें पुऱ्या केलेल्या विश्रामबागेवरून कळतें : चौक, कोरीव सुरूचे खांब, महिरपी, देवडी, दिवाणखाना. जोतीरावांचें घराणें मूळचें सातारा प्रांतांतील कटगुणचें, आडनांव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर पेशव्यांस फुलें पुरविण्याच्या व्यवसायावरून तें फुले झालें. स्वतः जोतीरावांनीं शेती केली, ठेकेदारी केली, बांधकामास लागणारा माल पुरविला. अशा उद्योगी माळ्याच्या घरास सरदारी वास्तूचें नांव देण्यांत आदर आहे, हें मी जाणतों. तथापि त्या आदरामुळें एक सत्य झांकलें जातें. ह्या घराचें महत्त्व त्याच्या थाटांत नसून त्याच्या साधेपणांत आहे. मोठ्या माणसाचें घर म्हणजे वाडाच असला पाहिजे, ही मोजपट्टी पेशवाईची. जोतीरावांस ती लावण्याचें कारण नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत मी 'घर' हाच शब्द वापरितों.

ह्या घरावर निरनिराळ्या काळीं चार हात फिरले आहेत. पहिला हात जोतीरावांचा, त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २८ नोव्हेंबर १८९० पर्यंतचा. दुसरा सावित्रीबाईंचा व दत्तक पुत्र यशवंत यांचा. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनें वारल्या. तिसरा हात घर कुटुंबाकडून गेल्यानंतरचा. ह्या काळांत माळी समाजाच्या वसतिगृहानें त्याची राखण केली. चवथा हात शासनाचा : १९७२ सालीं तें राज्य संरक्षित स्मारक झालें, आणि १९९३ मध्यें राष्ट्रपति डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्तें राष्ट्रीय स्मारक म्हणून तें देशास अर्पण करण्यांत आलें. आवारास 'समताभूमि' म्हणतात तें ह्या चवथ्या थरांतील नांव आहे. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर मूळ लेखक एक, आणि त्यावर शोधन करणारे तिघे. पुढील सर्व विवेचन ह्या चार हातांचे भेद लक्षांत ठेवूनच वाचावें.

प्रथम घराच्या सालाचा प्रश्न. घर १८५२ च्या सुमारास बांधलें, असें सर्वत्र सांगतात. हें साल कोणत्या कागदावरून आलें, तें सांगणाराने त्याच श्वासांत सांगावयास हवें. कारण तें सहज सोडून देण्याजोगें नाहीं. शाळा घातल्यामुळें रुष्ट झालेल्या वडिलांच्या, म्हणजे गोविंदरावांच्या, घरांतून जोतीराव व सावित्रीबाई यांस १८४९ मध्यें बाहेर पडावें लागलें, हें चरित्रकारांचें एकमुखी सांगणें आहे. त्यानंतर तीन वर्षांनीं, मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळांचा भार डोक्यावर असतां, पंचविशींतील ह्या गृहस्थानें स्वतःचें घर बांधलें काय? बांधलें असल्यास तो त्याच्या व्यवसायाच्या इतिहासांतील मोठा दुवा ठरेल. कीं हें घर वडिलोपार्जित असून पुढें समेटानें किंवा वारशानें त्याकडे आलें? तसें असल्यास ज्या उंबरठ्याबाहेर दोघांस काढलें तो उंबरठा हाच, असा अर्थ निघेल. म्हणजे एका सालावरून एका घराची दोन अगदीं वेगळीं चरित्रें तयार होतात. त्यांतील एक खरें आणि एक खोटें. जोंपर्यंत निर्णायक कागद सोबत छापला जात नाहीं तोंपर्यंत '१८५२' ह्या आंकड्याखालीं नागमोडी रेघ ओढणें हाच प्रामाणिक मार्ग होय.

ह्या वादांत पहिल्या प्रतीची साक्ष जोतीरावांच्या १८८७ च्या मृत्युपत्राची आहे. चरित्रप्रेमी वाचक त्यांतील उत्तरक्रियेविषयींच्या व यशवंताविषयींच्या कलमांकडे पाहतो. वास्तूच्या इतिहासकारानें त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें. यशवंत हा काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा. त्यास फुले दंपत्यानें १८७४ मध्यें पदरांत घेतलें. त्या काळच्या धर्मशास्त्राच्या व न्यायालयाच्या दृष्टीनें परजातीय मुलाच्या दत्तकविधानावर भाऊबंद हरकत घेणार, हें उघड होतें. म्हणून वारसा दत्तकाच्या बळावर न ठेवतां मृत्युपत्राच्या बळावर ठेवला, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. आतां हिंदु कायद्याप्रमाणें अविभक्त वडिलोपार्जित मिळकत मृत्युपत्रानें एकट्यास देतां येत नाहीं; स्वकष्टार्जित देतां येते. तेव्हां मृत्युपत्रांतील मिळकतीचें वर्णन हें केवळ यादी नसून घराच्या उगमाविषयींचें विधान आहे. मृत्युपत्र नोंदलेला दस्तऐवज आहे, छापलेंहि गेलें आहे. घराच्या चतुःसीमा, नगरपालिकेची घरपट्टीची नोंद आणि नगर भूमापनाचा उतारा यांशीं तें ओळीनें ताडून पाहिल्यास पहिल्या थराचा पुष्कळसा भाग निश्चित होण्याजोगा आहे. जोतीराव स्वतः १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. सभासदाचें घर पालिकेच्या दप्तरांत नाहीं असें कसें होईल?

दुसरी साक्ष बालहत्या प्रतिबंधक गृहाची. तें गृह १८६३ मध्यें स्थापन झालें, आणि तें ह्याच घरीं होतें असें सांगतात. येथें आपल्या हातीं चरित्रकाराची नव्हे तर जोतीरावांची स्वतःची साक्ष आहे. बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवरील टिपणांविषयीं शासनानें मतें मागविलीं तेव्हां जोतीरावांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं जें मत लिहून दिलें त्यांत, आपण पत्नीसह स्वतःच्या घराच्या आवारांत हें गृह काढलें, त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर लाविल्या, आणि तोंवर पस्तीस गरोदर विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या, असा मजकूर आहे. वीस वर्षांनंतरची असली तरी ही कर्त्याची साक्ष होय, आणि तीहि सरकारदरबारीं दिलेली. हिचा मान सर्व दंतकथांहून मोठा.

परंतु साक्ष जेवढें सांगते तेवढेंच घ्यावें. ती 'आवार' म्हणते. कोणती खोली तें म्हणत नाहीं. उद्यां एखाद्या खोलीवर 'येथें विधवा बाळंत होत' असा फलक लागल्यास तो पाठ मूळांतला न राहतां टीपेंतला होईल. दुसरी सावधगिरी नांवाची. जिच्या खटल्यामुळें हें गृह निघालें ती काशीबाई निराळी. ती बालहत्येच्या आरोपावरून काळ्या पाण्यावर गेली. जिच्या पोटीं यशवंत जन्मला ती काशीबाई दशकानंतरची. नामसाम्यामुळें ह्या दोघी वाचकांच्या मनांत वारंवार एक होतात, आणि मग घराची हकीकत सांगणारा दोघींच्या दुःखाची एकच गोष्ट करून टाकतो. पोथींत ज्यास दृष्टिदोष म्हणतात, म्हणजे सारख्या शब्दावरून डोळा घसरून मधला मजकूर गळणें, त्याचाच हा प्रकार. येथें जो मजकूर गळतो तो एका बाईच्या सबंध आयुष्याचा असतो. म्हणून हा दोष क्षुल्लक मानूं नये.

तिसरी वस्तु विहीर. १८६८ मध्यें जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा सांठा अस्पृश्यांस खुला केला, ही घटना प्रसिद्धच आहे. विहीर हा थर सर्वांत विश्वासार्ह; भिंत हलते, कौल बदलतें, विहीर जागची हलत नाहीं. तिचा काठ व कठडा नवा असूं शकेल, जागा तीच. परंतु येथेंहि एक बारीक प्रश्न विचारण्याजोगा आहे. चरित्रग्रंथ गोविंदरावांच्या मृत्यूचें सालहि १८६८ हेंच देतात. पाणी खुलें केलें तें वडिलांच्या हयातींत कीं त्यांच्या पश्चात्? हयातींत केलें असेल तर ज्या वडिलांनीं शाळेपायीं मुलास घराबाहेर काढलें त्यांच्या मतांत एकोणीस वर्षांत पडलेला फरक त्यांतून दिसेल, किंवा घर सर्वस्वीं मुलाच्या सत्तेचें होतें असें ठरेल. पश्चात् केलें असेल तर वारसा हातीं येतांच त्याचा पहिला उपयोग कशाकडे केला हें कळेल. दोन्ही अर्थ जोतीरावांस भूषणावहच आहेत. पण दोन्ही एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत, आणि विहिरीकाठीं उभ्या राहणाऱ्या मुलामुलींस ह्यांतील एक निश्चित अर्थ मिळणें हा त्यांचा हक्क आहे.

चवथी वस्तु समाधि. जोतीरावांस आपलें शरीर मिठांत पुरावें अशी इच्छा होती व त्यासाठीं घरामागें खड्डाहि त्यांनीं तयार करविला होता. परंतु राहत्या वस्तींत दफनास नगरपालिकेनें परवानगी दिली नाहीं, म्हणून दहन झालें व अस्थि त्या जागीं ठेविल्या, असें चरित्रकार सांगतात. अंत्ययात्रेंत टिटवें कोणीं धरावयाचें यावरून भाऊबंदांत वाद निघाला तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः तें हातीं घेतलें, हेंहि प्रसिद्ध आहे. जागेविषयीं वाद नाहीं. विचार करावयाचा तो घडणीविषयीं. समाधीची घडण तुळशीवृंदावनाच्या धर्तीची आहे. ज्यानें पुरोहितशाहीच्या विधींस आयुष्यभर विरोध केला, ज्याच्या समाजानें भटजीवांचून लग्नें लाविलीं, त्याच्या अस्थींवर वृंदावनाचा आकार कां? ह्यास दोन उत्तरें संभवतात. एक, वृंदावन ही ब्राह्मणी वस्तु नसून माळ्याकुणब्याच्या अंगणांतील घरगुती व वारकरी वस्तु आहे, आणि दुःखी कुटुंबानें जवळचा आकार उचलला. दुसरें, तो पुढील भक्तांचा संस्कार आहे. मला पहिलें उत्तर अधिक सयुक्तिक वाटतें. पण तें मत आहे, पुरावा नव्हे, आणि तसेंच तें वाचावें. एवढें मात्र खरें कीं, जोतीरावांची इच्छा, पालिकेचा नकार आणि कुटुंबाची तडजोड ह्या तिन्ही गोष्टी ह्या लहानशा दगडी बांधणींत एकत्र आल्या आहेत. समाधीवर फुलें वाहणाऱ्यास हें सांगितलें तर फुलांचा मान कमी होणार नाहीं.

पांचवी बाब चित्रांची. भिंतींवर जोतीरावांच्या चरित्रांतील प्रसंग चितारलेले आहेत. ते उघडपणें चवथ्या थरांतील होत आणि त्यांत कोणास फसविण्याचा हेतु नाहीं. माझा आक्षेप चित्रकलेवर नाहीं, स्थानावर आहे. टीका समासांत लिहावी, मूळाच्या ओळींवर लिहूं नये, हा नियम प्रत्येक चांगला लेखक पाळीत असे. ज्या भिंतीमागें पहिल्या बांधणीचा पुरावा असण्याचा संभव आहे ती भिंत चित्रानें व नव्या रंगानें झांकली म्हणजे समासांतील टीपेनें मूळ ओळ पुसल्यासारखें होतें. चित्रांस आवारांत वेगळी जागा देतां येईल. निदान एक खोली तरी बोलक्या चित्रांवांचून, उघड्या विटेमातीनिशीं राहूं द्यावी. जुलै १८८८ मध्यें पक्षाघातानें उजवें अंग गेल्यावर जोतीरावांनीं डाव्या हातानें 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरें केलें. तें १८९१ मध्यें त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. त्या दोन वर्षांच्या आजारपणाची कल्पना रिकाम्या खोलींत जितकी येईल तितकी रंगविलेल्या भिंतीपुढें येणार नाहीं.

आतां शेजारच्या दोन वास्तूंचा विचार केल्याखेरीज वरील आग्रहाचें कारण कळणार नाहीं. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं मेजर कँडी यांच्या हस्तें जोतीरावांचा शिक्षणकार्यासाठीं जाहीर सत्कार झाला तो विश्रामबाग वाड्यांत. आज त्या वाड्यापुढें उभा राहणारा मनुष्य, ह्याच दर्शनी भागाखालून जोतीराव आंत गेले, असें सहज मनांत आणील. परंतु १८७९ च्या आगींत ह्या वाड्याचा मोठा भाग जळाला व मागाहून तो पुन्हां उभारण्यांत आला. ही हकीकत नोंदलेली आहे म्हणून वास्तूचा कोणता भाग जुना व कोणता नवा ह्याचा विचार करतां येतो. प्रक्षेप ओळखीचा असला म्हणजे तो उपद्रवी राहत नाहीं.

ह्याच्या उलट प्रकार बुधवार पेठेंतील भिडे वाड्याचा. तेथें १८४८ मध्यें जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली. पुढें ती वास्तु दुकानांनीं व भाडेकऱ्यांनीं भरली, खटले चालले, इमारत खचत गेली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्यें महानगरपालिकेनें ती उतरवून राष्ट्रीय स्मारकासाठीं जागा मोकळी केली. इमारत धोक्याची होती हें मान्य. स्मारक व्हावें हेंहि मान्य. परंतु पोथी जीर्ण झाली म्हणून ती बुडविण्यापूर्वीं तिची नक्कल करून घ्यावी हें आमच्या आज्यापणज्यांस ठाऊक होतें. नव्या इमारतींत भव्यता येईल, प्रतिमा येतील, प्रदर्शनें येतील; पहिल्या मुली ज्या जिन्यानें वर चढल्या असतील त्या जिन्याच्या पायरीची झीज येणार नाहीं. मूळ प्रत गेल्यावर उरते ती स्तुति, आणि स्तुतीवरून पाठ सिद्ध करतां येत नाहीं.

हें आतांच सांगण्याचें कारण असें कीं, गंज पेठेंतील घर आणि जवळच महानगरपालिकेनें उभारलेलें सावित्रीबाईंचें स्मारक हीं दोन्ही जोडून मोठें स्मारक करण्याची योजना शासन व महानगरपालिका यांनीं आंखली आहे, व तीसाठीं मधल्या वस्तींतील मिळकती संपादन करण्याचा विषय पुढें आला आहे. विस्तारास माझा विरोध नाहीं. अकरा एप्रिलला व अठ्ठावीस नोव्हेंबरला जो समुदाय तेथें लोटतो त्यास आवार अपुरें पडतें. परंतु भोंवतालची पेठ ही ह्या घराची जुनी टीका आहे. कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे लोक शेजारीं राहत. गल्ली किती रुंद होती. विहिरीवर येणारास कोणाच्या दारावरून यावें लागे. गृहास येणारी विधवा रात्रीं कोणत्या बोळानें येऊं शकली असेल : ह्या प्रश्नांचीं उत्तरें घरांत नाहींत, पेठेंत आहेत. वस्ती हलवून घर मोकळ्या मैदानांत एकटें उभें केलें म्हणजे श्लोक राहतो, पण प्रसंग जातो. आणि जे लोक आज तेथें राहतात त्यांस ह्या घराच्या नांवानें घर सोडावें लागणार असेल तर त्यांचा विचार सर्वांआधीं व्हावा. घराबाहेर काढलें जाणें म्हणजे काय हें ह्या घरच्या धन्यास चांगलें ठाऊक होतें.

तेव्हां काय करावें? पहिलें, कुदळ लागण्यापूर्वीं घराचें व भोंवतालच्या वस्तीचें मोजमाप घेऊन नकाशे, छायाचित्रें व प्रत्येक भिंतीच्या सामानाचें वर्णन प्रसिद्ध करावें. दुसरें, मृत्युपत्र, १८८४ चें मत, घरपट्टीच्या नोंदी, भूमापनाचे उतारे, १९७२ नंतरच्या दुरुस्तीचीं सरकारी टिपणें हीं सर्व एका ग्रंथांत, कालक्रमानें व पाठभेदांसह छापावीं. 'आम्ही पाहिलेले फुले' ह्या संग्रहांतील आठवणींतून घराविषयींचें प्रत्येक वाक्य वेंचून त्यांत घालावें, मात्र आठवण ही आठवण म्हणूनच. तिसरें, घरांतील फलकांवर तीन खुणा ठेवाव्या : कागदानें सिद्ध, परंपरेनें चालत आलेलें, आणि नव्यानें बांधलेलें. ह्यास खर्च फार नाहीं. लागतो तो थोडा संयम.

हें काम शासनावर सोडून आपण मोकळे होऊं नये. ह्या त्रैमासिकाचे बहुतेक वाचक संग्राहक आहेत. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या मागोमाग आपण सर्व सरदारांच्या, देशमुखांच्या, कुळकर्ण्यांच्या माळ्यांवर चढलों. मेणवलीच्या नाना फडणिसांच्या दप्तरासाठीं झालेले श्रम योग्यच होते. परंतु गंज पेठेंतल्या, हडपसरच्या, ओतूर-जुन्नरकडच्या सत्यशोधक घरांतील पेट्या किती जणांनीं उघडून पाहिल्या? मीहि त्या पाहिल्या नाहींत. आपली नजर मोडी फर्मानाकडे होती, छापील हस्तपत्रकाकडे नव्हती. बालहत्या प्रतिबंधक गृहाची ती कोपऱ्यावर चिकटविलेली जाहिरात, सत्यशोधक समाजाचे अहवाल, १८७७ मध्यें निघालेल्या 'दीनबंधू'चे अंक, 'सत्सार'चे भाग, घरखर्चाच्या वह्या, ठेकेदारीचीं बिलें : आज हीं सनदेइतकींच दुर्मिळ आणि सनदेहून अधिक नाशिवंत आहेत. ज्याच्या संग्रहीं असा एक चिठोरा असेल त्यानें तो पेटींत न ठेवतां छापावयास द्यावा.

एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल कीं, समाधीपुढें वांकणाऱ्या बाईस भिंत कोणत्या सालची ह्याशीं काय करावयाचें आहे? ज्यांस शतकानुशतकें पोथीच्या नांवानें दूर ठेविलें त्यांस एक घर आपलें म्हणतां आलें, त्यांतहि पंडितानें पाठभेद काढीत बसावें काय? हा प्रश्न माझ्यासारख्या संस्कृत शिकविणारानें कान टवकारूनच ऐकला पाहिजे. माझें उत्तर एवढेंच कीं, ह्या घरच्या धन्यानें २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जो समाज स्थापिला त्याच्या नांवांतच शोधक हा शब्द आहे. त्याच वर्षीं निघालेल्या 'गुलामगिरी' पुस्तकांत त्यानें अवतारांच्या कथा एकेक घेऊन, हें घडलें कसें, पुरावा कोणता, असें विचारीत त्या उलगडल्या. त्याचे सर्व निष्कर्ष आज टिकतील असें नाहीं. पण सांगितलेलें तपासल्यावांचून मानूं नये, ही त्याची शिकवण आहे. त्याच्याच घराविषयीं न तपासलेली गोष्ट सांगणें हा त्याचा गौरव नव्हे. भक्ति आणि चिकित्सा यांचें वैर इतरत्र असेल. ह्या उंबरठ्यावर तरी तें असण्याचें कारण नाहीं.

घर उभें आहे, विहीर जागेवर आहे, कर्त्याची साक्ष छापलेली आहे, मृत्युपत्र हातीं आहे. इतकी सामग्री फारच थोड्या घरांच्या वांट्यास येते. भिडे वाड्याच्या वेळीं जी नक्कल करावयाची राहिली ती येथें राहूं नये, आणि जेथें खात्री नाहीं तेथें एक नागमोडी रेघ ओढण्याचें धैर्य जतन करणारांनीं दाखवावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.

विश्रांतवाडी, पुणें